वळीव येण्याआधी त्याचा कोपरा तयार करा

वळवाचे दिवस तोंडावर आलेत. सकाळी कडक ऊन, दुपारी अंगाला चिकटणारा उकाडा आणि चारच्या सुमाराला आभाळाच्या एका कडेला काळं जमायला लागतं. वारा सुटतो. तुम्ही गच्चीवरच्या कुरडया आणि दोरीवरचे कपडे गोळा करायला धावता. घरात कुत्रं असेल तर त्या घाईत एकदा वळून त्याच्याकडे बघा.

ते कुठे आहे? कान मागे पाडलेत का? शेपूट पोटाखाली गेलंय का? उगाच जांभया देतंय, ओठ चाटतंय, या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालतंय, तुमच्या पायात पायात करतंय? एरवी ज्या पोळीसाठी जीव टाकतं, ती पुढे धरली तरी तोंड फिरवतंय? पहिला गडगडाट अजून व्हायचाय आणि त्याचं अंग थरथरायला लागलंय? मग हे आवाहन तुमच्यासाठी आहे. शेवटपर्यंत वाचा. आणि वाचून झाल्यावर उद्यावर टाकू नका.

त्याला आधी कळतं, यात नवल नाही. सुटलेला वारा, मातीचा वास, अचानक अंधारून येणं, दूरवरची घरघर या सगळ्याची सांगड त्याने त्या एका आवाजाशी घातलेली असते. पण ही भीती आहे हे आपल्या घरांत मान्यच होत नाही. "नाटकं करतोय", "लाडावून ठेवलाय", "एवढा दांडगा, आणि विजेला घाबरतो?" असं आपण हसत म्हणतो. म्हणताना मनात वाईट काही नसतं. तरीही हे बोलणं आता थांबवा. त्या घडीला त्याची छाती धडधडत असते, लाळ गळत असते, लघवी आवरत नसते. सतरंजी ओली झाली तर ती मुकाट्याने उचला आणि धुवायला टाका. रागावू नका. नाक घासून दाखवू नका. आवाजाच्या भीतीत तुमच्या रागाची भर पडली तर त्या बिचाऱ्याने जायचं कुठे?

आणि ही भीती वयाबरोबर आपोआप ओसरेल या भरवशावर राहू नका. बहुतेकदा ती वाढते. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तसं त्याचं होत जातं. पहिल्या वर्षी फक्त जवळच्या कडकडाटाला दचकणारं कुत्रं पुढे लांबच्या घरघरीला दचकतं, मग जोरात आपटलेल्या दाराला, मग फटाक्यांना. आपल्याकडे तर ऑक्टोबरात परतीचा पाऊस गडगडत जातो आणि पाठोपाठ दिवाळी येते. म्हणजे सावरायला त्याला उसंतच मिळत नाही. या वर्षी काही केलं नाहीत, तर पुढच्या वर्षी काम जास्त अवघड होईल. म्हणून म्हणते, आज.

अशा कुत्र्याला वादळात एकटं बंद केलं तर काय होतं, ते मी एका घरात पाहिलंय. घरचे लग्नाला गेले होते. संध्याकाळी वळीव आला, वीज गेली. परत आले तेव्हा दाराच्या आतल्या बाजूचं प्लायवूड हातभर उंचीपर्यंत ओरबाडून निघालं होतं, खाली भुसा पडला होता आणि भुशात रक्ताचे ठिपके होते. पुढच्या पायाची दोन नखं मुळापासून उखडली होती. ते कुत्रं दाराशी आडवं पडून शेपूट हलवत होतं. ही माणसं निष्काळजी नव्हती. पाणी ठेवलं होतं, खाणं ठेवलं होतं. आभाळाकडे बघून निघायचं असतं, एवढं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

तुम्हाला मी सांगते आहे. येते दोन महिने घरातून निघताना आभाळ बघा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेलं 'दामिनी' हे अ‍ॅप मोबाइलवर घ्या. आपल्या आसपास वीस ते चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात विजांचा धोका असेल तर ते आधी सूचना देतं. माणसांचा जीव वाचावा म्हणून ते केलंय, पण त्याच सूचनेने तुमच्या कुत्र्यालाही अर्धा तास मिळतो. घरी एका तरी माणसाने थांबायची आखणी करा. ते शक्य नसेल तर शेजारच्या काकूंना, वरच्या मजल्यावरच्या कॉलेजच्या पोराला आधीच विचारून ठेवा, किल्ली देऊन ठेवा. मदत मागायला लाजू नका. माणसं येतात.

आता त्याचा कोपरा. ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. जागा तुम्ही निवडू नका, त्याला निवडू द्या. गेल्या वर्षी ते कुठे जाऊन बसलं होतं, ते आठवा. पलंगाखाली? मोरीत? देवघराच्या खालच्या कप्प्यापाशी? दोन कपाटांच्या मधल्या फटीत? बरीच कुत्री न्हाणीघर निवडतात, कारण तिथे खिडकी लहान असते आणि वीज चमकलेली दिसत नाही. जे ठिकाण त्याने निवडलंय, तेच चांगलं करा. त्याची रोजची गोधडी तिथे टाका. तुमचा वापरलेला, न धुतलेला एखादा जुना सदरा ठेवा. खिडकीला जाड चादर लावा. पाण्याचं भांडं ठेवा. वॉशिंग मशीनच्या मागे शिरायची सवय असेल तर ती फट आजच बंद करा, तिथे वायरी असतात.

आणि दार उघडं ठेवा. हे विसरू नका. कोपरा म्हणजे कोंडून ठेवायची जागा नव्हे. मे महिन्यातला उकाडा, गेलेली वीज, बंद पडलेला पंखा आणि आत धापा टाकणारं कुत्रं. आपल्यासारखा घाम काढून ते अंग थंड करू शकत नाही, त्याची सारी भिस्त त्या धापांवर असते. हवा न येणाऱ्या जागेत घाबरलेलं कुत्रं उष्माघातानेही जाऊ शकतं. म्हणून त्याला आत-बाहेर करता आलं पाहिजे, आणि घराच्या मुख्य दाराला, गॅलरीच्या दाराला मात्र कडी पाहिजे.

गॅलरीचं वेगळं सांगायलाच हवं. शहरांत आपण तिसऱ्या, सातव्या, बाराव्या मजल्यावर राहतो. एरवी कठड्याजवळ न जाणारं कुत्रं घाबरलं की कठडा ओलांडतं. बिथरलेल्या जिवाला उंची दिसत नाही. जाळी नसेल तर बसवून घ्या. ती बसेपर्यंत आभाळ भरून आलं की गॅलरीचं दार बंद, हा घरातल्या प्रत्येकाचा नियम करा, कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवा. आणि गळ्यातला पट्टा तपासा. त्यावर तुमचा फोन नंबर न पुसला जाणाऱ्या शाईने लिहिलाय का? नंबर बदलला असेल तर जुना तिथेच नाही ना? दोन बोटं जातील एवढाच तो सैल आहे ना? मायक्रोचिप बसवली असेल तर तिच्या नोंदीतला फोन आणि पत्ता चालू आहे का, तेही बघा. हे काम पाच मिनिटांचं आहे. आत्ता उठून करा, मग पुढे वाचा.

फिरायला नेण्याची वेळ बदला. वळीव बहुधा दुपारनंतर येतो. लांबचा फेरफटका पहाटेच उरकून घ्या. संध्याकाळी आभाळ स्वच्छ दिसलं तरी घराजवळच थोडं फिरवा, आणि या दिवसांत मैदानातही पट्टा सोडू नका. आज्ञाधारक कुत्रं आहे, हाक मारली की येतं, हे मला मान्य आहे. कडकडाटानंतर ते तुमची हाक ऐकण्याच्या स्थितीत नसतं. नुसत्या गळ्यातल्या पट्ट्यातून मान काढून ते निसटतं, म्हणून छातीवरून जाणारा हार्नेस घाला.

आणि प्रत्यक्ष गडगडाट सुरू झाला की? त्याच्याजवळ जा. त्याला तुमच्याशी चिकटून बसायचं असेल तर बसू द्या. मांडीवर डोकं ठेवू द्या, पाठीवरून सावकाश हात फिरवा, नेहमीच्या आवाजात बोला. "जवळ घेतलं तर भीती वाढेल, सवय लागेल" हा समज मनातून काढून टाका. भीती ही काही बक्षीस देऊन वाढवता येणारी सवय नाही. पण त्याला एकटं लपायचं असेल तर लपू द्या, मागे जाऊ नका, ओढून बाहेर काढू नका. पंखा चालू असेल तर जोरात करा, वीज गेली असेल तर मोबाइलवर गाणी लावा. आणि खाऊ हाताशी ठेवा. प्रत्येक गडगडाटानंतर लगेच एक तुकडा: उकडलेलं अंडं, पनीर, चिकन, जे त्याला सगळ्यात जास्त आवडतं ते. द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि कांदा घातलेलं काहीही देऊ नका, ते कुत्र्यांना विषारी असतं. खात नसेल तर बळजबरी नको. खात असेल तर एकही गडगडाट चुकवू नका. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठातल्या श्टेफानी रीमर यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या हजाराहून जास्त मालकांनी भाग घेतला होता. आवाज होताच खाऊ देणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक जणांनी फरक पडल्याचं सांगितलं. एका अंड्याचे तुकडे करून ठेवायला किती वेळ लागतो?

मोबाइलवर गडगडाटाचा आवाज अगदी बारीक लावून, सोबत खाऊ देत देत सवय करण्याची रीतही चांगली आहे. मात्र ती कोरड्या, शांत महिन्यांत करायची असते, आठवडेच्या आठवडे, आवाज कणाकणाने वाढवत. कान मागे गेले की आवाज कमी करायचा. ऐन वळवाच्या दिवसांत खरा कडकडाट झाला की ती मेहनत वाया जाते. म्हणून मोठ्या कुत्र्यासाठी ती दिवाळी उलटल्यानंतरच्या थंडीवर ठेवा आणि कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा. घरात दोन-तीन महिन्यांचं पिल्लू असेल आणि ते अजून घाबरत नसेल, तर त्याच्याशी हा खेळ आजपासून खेळा. त्या कोवळ्या वयात जे आवाज आनंदाशी जोडले जातात, त्यांची भीती पुढे सहसा बसत नाही.

आता घरातल्या मुलांचं. मूल प्रेमाने धावतं. पलंगाखाली थरथरणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात पडतं, त्याला बाहेर ओढतं. आणि ज्याने कधी गुरगुरही केली नाही, ते कुत्रं चावतं. त्यात ना मुलाचा दोष, ना कुत्र्याचा. आजच मुलांना जवळ बसवा आणि सांगा: ढग गडगडत असताना तो लपला, तर हात लावायचा नाही, मोठ्यांना बोलवायचं. घरातल्या आजी-आजोबांनाही सांगा, कारण अंधारात तो पायात आला तर तोल जातो. आणि चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा, डॉक्टर सांगतील तेवढी सगळी इंजेक्शनं पूर्ण करा. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही. कुत्र्याचं रेबीजचं इंजेक्शन या वर्षी झालंय का, त्याचं कार्ड काढून बघा.

ज्यांचं कुत्रं दारं ओरबाडतं, स्वतःला इजा करून घेतं, तासन् तास सावरत नाही, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी जा. अशा भीतीवर आज चांगली औषधं आहेत. ती भीती कमी करतात, वेळेवर दिली तर वादळ निभावून नेतात. जाताना फोनवर त्याचा व्हिडिओ घेऊन जा, कारण दवाखान्यातल्या टेबलावर ते शहाण्यासारखं उभं राहतं आणि डॉक्टरांना काही दिसतच नाही. एक प्रश्न नक्की विचारा: हे औषध भीती कमी करणार की नुसतं हातपाय लुळे करणार? अ‍ॅसिप्रोमॅझिनसारखं औषध एकटंच दिलं तर कुत्रं गप्प पडून राहतं, पण आतली भीती तशीच असते. ओरडताही येत नाही, पळताही येत नाही. ते गप्प पडलं म्हणून समाधान मानू नका.

आणि स्वतःच्या मनाने काही देऊ नका. तुमच्या डब्यातली पॅरासिटामॉल देऊ नका, आयबुप्रोफेन देऊ नका, आजोबांची झोपेची गोळी देऊ नका, ब्रँडीचा चमचा देऊ नका. यातलं काहीही त्याच्या जिवावर बेतू शकतं.

म्हाताऱ्या कुत्र्याकडे जास्त लक्ष द्या. आठ-नऊ वर्षं निवांत झोपणारं कुत्रं अचानक गडगडाटाला घाबरायला लागलं, तर त्याचे सांधे, पाठ, कंबर तपासून घ्या. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये आवाजाची भीती आणि अंगातलं दुखणं यांचा संबंध मांडला होता. आवाजाने अंग आखडतं, आखडल्यावर दुखतं आणि पुढच्या वेळी तो आवाजच दुखण्यासारखा वाटतो. त्या दुखण्यावर इलाज केला की भीतीही उतरू शकते.

शेतावर, वाडीवर, मेंढरांमागे कुत्री ठेवणाऱ्यांनो, तुमच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे. तुमचं कुत्रं घर राखतं, जनावरं राखतं, रात्री बिबट्याची चाहूल देतं. ते बहुधा कुठे बांधलेलं असतं? आंब्याला, लिंबाला, नाहीतर पत्र्याच्या शेडच्या लोखंडी खांबाला. झाडावर पडलेली वीज खोडातून जमिनीत उतरते आणि भोवतालच्या जमिनीतही पसरते. चारही पाय जमिनीवर टेकलेलं जनावर त्यात सापडतं. झाडाखाली गुरं दगावतात ती यामुळेच, हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. शिवाय घाबरलेलं कुत्रं साखळीसकट कुंपणावरून उडी मारतं आणि पलीकडे लोंबकळतं. आभाळ गडगडलं की साखळी सोडा आणि त्याला घरात घ्या. ओटीवर नाही, घरात. वीज चमकल्यावर तीन सेकंदांनी आवाज आला तर ती जेमतेम किलोमीटरवर आहे असं धरा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तुम्हीही बाहेर पडू नका. आणि त्याला पत्र्याखाली ठेवू नका. पत्र्यावर गारा पडायला लागल्या की माणसालाही कानावर हात ठेवावे लागतात.

सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनो, तुमच्या फाटकाशी जी दोन-तीन कुत्री राहतात, त्यांना ना घर आहे ना कोपरा. वादळात ती पार्किंगमध्ये शिरतात, जिन्याखाली बसतात. त्या तासाभरासाठी त्यांना बसू द्या. वॉचमनला सांगून ठेवा की काठी उगारायची नाही. जिन्याखाली एक जुनं पोतं टाका. आणि सकाळी गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघा, चाकाआड कुणी झोपलेलं असतं.

काही घरं या दिवसांत कंटाळतात, हेही मला माहीत आहे. रात्रभर भुंकणं, शेजाऱ्यांच्या तक्रारी, घरमालकाची कुरबुर, फाटलेला सोफा. मग कुणीतरी म्हणतं, "सोडून येऊ कुठेतरी." तुम्ही खरंच थकला आहात, हे मला मान्य आहे. पण सोडू नका. पाळलेलं जनावर सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेवा. ज्याला तुमच्या पायाशीही थरथर आवरत नव्हती, त्याला तुम्ही परक्या रस्त्यावर, उघड्या आभाळाखाली सोडणार आहात. त्याआधी एकदा डॉक्टरांकडे जा. शेजाऱ्यांच्या घरी जा, चहा घ्या, काय चाललंय ते सांगा. "आवाजाला घाबरतो, औषध सुरू केलंय" एवढं म्हटलं की तक्रारीचा सूर उतरतो. ज्यांच्या भिंतीपलीकडे असं कुत्रं आहे, त्या शेजाऱ्यांनाही विनंती: दोन महिने सांभाळून घ्या. जमलं तर विचारा, "तुम्ही बाहेर असाल तेव्हा मी येऊन बसू का?"

आणि इतकं करूनही एखादं निसटतंच. तुमचं निसटलं तर वेळ घालवू नका. त्याच रात्री, विजा थांबल्याबरोबर, घराच्या आसपास शोधा. जिने, पार्किंग, गटारांवरच्या फरश्या, बांधकामांच्या जागा, उभ्या ट्रकांच्या खाली. मोठ्याने हाका मारत धावू नका, शांतपणे नाव घ्या आणि त्याच्या डब्याचा ओळखीचा आवाज करा. त्याचा एक स्पष्ट फोटो फोनमध्ये आत्ताच काढून ठेवा. रात्रीच तो सोसायटीच्या, गल्लीच्या, गावाच्या ग्रुपवर टाका, सकाळी दवाखाने आणि महापालिकेचा श्वान विभाग गाठा.

वादळानंतरच्या सकाळी तुमच्या जिन्यात पट्टा घातलेलं, भिजलेलं, अनोळखी कुत्रं दिसलं, तर हाकलू नका. वरून हात टाकू नका, डोळ्यांत डोळे घालून बघू नका. लांबूनच पाणी ठेवा, फाटक लोटून घ्या, फोटो काढा. ते शांत झालं की पट्ट्यावरचा नंबर वाचा. नंबर नसेल तर जवळच्या दवाखान्यात नेऊन चिप आहे का बघा. त्याच्या घरी कुणी रात्रभर झोपलेलं नसेल. आधी फोन लावा, चहा नंतर घ्या.